सहाव्या वचनाच्या मागचं-पुढचं

नवरा वारल्यावर बाईनं स्वतःवर चार पैसे खर्च केले, आवडीचं खाल्लं, कुठं फिरून आली, तर तिचं आत्मिक जीवन खालावलं असं समजायचं का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विधुर पुरुषाबद्दल मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.

जिच्यामुळे हे लिहिते आहे तिला आक्का म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय साठीच्या आसपास, मधुमेहाच्या गोळ्या चालू, एकुलता मुलगा पुण्यात. नवऱ्याच्या लांबलेल्या दुखण्यात सगळं आक्कांनीच केलं. ते गेल्यावर वर्षभरानं त्या बहिणीबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आल्या आणि दोन रंगीत साड्या घेतल्या. पुढच्या महिला सभेत एका भगिनीनं बायबलमधल्या, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या 5व्या अध्यायाचं 6वं वचन वाचलं: विलासात जगणारी विधवा जिवंतपणीच मेलेली आहे. मग 'अशा भगिनींसाठी' प्रार्थना झाली. नाव कोणी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. तेव्हापासून आक्का प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेईनात.

"बाई, मी विलासी झालोय काय ओ?" त्यांनी मला विचारलं. "प्रार्थनेला बसतो, खरं मन लागत नाही. म्हणून आठवड्यातनं दोन दिवस उपास धरलोय."

आधी उपास थांबवला. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. आणि शरीराला कष्ट दिल्यानं देहस्वभावाची हाव आटोक्यात येत नाही, हे पौलानंच कलस्सैकरांना लिहिलं आहे (2:23). आक्कांचा उपास म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा होती.

मग तो 5वा अध्याय त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला, 3ऱ्या वचनापासून 16व्यापर्यंत. इफिसच्या मंडळीत विधवांना आधार कसा द्यायचा, यादीत कोणाला घ्यायचं, याची व्यवस्था पौल तिथं तीमथ्याला लावून देतो आहे. खरोखर निराधार विधवांचा सन्मान कर. मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी घरच्यांचं पाहावं. जो आपल्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, हे 8वं वचन. 6वं वचन या सगळ्याच्या मधोमध येतं; एकटी पडलेली, रात्रंदिवस देवाकडे मागणारी विधवा आणि चैनीत बुडालेली विधवा यांतला फरक ते दाखवतं. कोणाच्या ताटात काय आहे ते मोजायला ते दिलेलं नाही. याच अध्यायात तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे आणि पुढच्याच अध्यायात देव उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो असं म्हटलं आहे (6:17). रंगीत साडीचा तर विषयच नाही. तो गावचा रिवाज, आणि तो आपण उगीच शास्त्राच्या नावावर खपवतो.

तरी 6वं वचन आक्कांना लागू नाही, असं म्हणून मी मोकळी झाले नाही. दिवस कसा जातो ते विचारलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर मालिका, सकाळी उशिरा उठणं, ऑनलाइन मागवलेले खोके, त्यातले काही न फोडताच पलंगाखाली. पाव किलो कुंदा आणला की रात्रीत संपायचा. शेजारीण आली तर कडी काढायच्या नाहीत. पूर्वी हॉस्पिटलात पेशंटना डबा पोचवायच्या, तेही बंद.

"गोव्यास्न आल्यावर कसं वाटलं?"

"समुद्र बघून रडलो. मग हलकं वाटलं. बहिणीला रोज फोन करालतो तेव्हा."

"आणि खोका आल्यावर?"

"फोडेपर्यंत बरं वाटतंय."

मला जे कळायला हवं होतं ते इथं कळलं. लोकांनी बोट ठेवलं ते गोव्यावर आणि साड्यांवर, ज्यांनी आक्का माणसांकडे परत येत होत्या. खरी गुंगी होती बंद दाराआड. ती मौजेपोटी आलेली नव्हती. दुःख अंगावर येऊ नये म्हणून होती. तरी तीच त्यांना प्रार्थनेपासून आणि माणसांपासून तोडत होती, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितलं. झोप उडालेली, कशात रस नाही, म्हणून डॉक्टरांकडेही पाठवलं. जीव नकोसा झालाय असं कोणी म्हणालं, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मी लिहून देते. आक्का तसं म्हणाल्या नव्हत्या, तरी दिला.

आता मंडळी. आक्कांच्या परवानगीनं पाळकसाहेबांशी बोलले. दफनानंतर आठवडाभर जेवण पोचलं होतं, पुढं कोणी गेलं नव्हतं. कारण निघालं ते आपल्या सीमाभागाचंच. नवरा गोकाककडचा, त्यांचं घर कन्नड उपासनेच्या नोंदवहीत. आक्का निपाणीच्या, रविवारी मराठी उपासनेला. कन्नड गटाला वाटलं मराठीवाले भेटी देतात, मराठी गटाच्या यादीत हे घरच नाही.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात हेच आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जात होत्या. कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी त्या विधवांना श्रद्धेचे धडे दिले नाहीत, सात माणसं निवडून घेतली.

मुलाला फोन आक्कांनी केला, शेजारी मी बसले होते. तो चिडला, मग गप्प झाला. 4थं वचन त्याला आजवर कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आता तो महिन्याला पैसे पाठवतो, आणि आक्कांच्या मते त्याहून बरं म्हणजे रविवारी फोन करतो. एक मराठी आणि एक कन्नड अशा दोघी भगिनी गुरुवारी घरी येतात. मोबाइल नऊ वाजता स्वयंपाकघरात ठेवायचा ठरलं आहे. चार दिवस पाळतात, दोन दिवस नाही. खोके अजून येतात, कमी. प्रभुभोजन घेऊ लागल्या. ती वचन वाचणारी भगिनी पुढच्या बाकावर असली की मात्र आक्का मागं जाऊन बसतात, आणि ते बदलायची घाई मी करत नाही.

दोन नोंदवह्या एक करायच्या की नाही, यावर कमिटीत अजून वाद चालू आहे.