साताऱ्याचं सूर्यघड्याळ आखायला कोणतं सॉफ्टवेअर?
सुरुवात लिब्रेकॅडवर कर. फुकट आहे आणि लांबी, कोन थेट आकड्यांत टाइप करता येतात. माउसने अंदाजे ओढलेली रेघ इथे चालत नाही. कारण बघ: साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७ अंश. त्यामुळे आडव्या तबकडीवर बारा आणि एकच्या रेघांत जेमतेम ४.६५ अंश, तर पाच आणि सहामध्ये तब्बल ४१! दुपारी रेघ अर्धा अंश हलली की सहा मिनिटं गेलीच.

शंकूच्या, म्हणजे सावली पाडणाऱ्या उभ्या पत्र्याची जाडी आधी मोज. बाराची रेघ तेवढं अंतर सोडून दुहेरी काढ. सकाळच्या रेघा या जोडीतल्या एका रेघेच्या टोकातून, दुपारच्या दुसरीच्या. नवखे हेच विसरतात.

अंक मात्र इंकस्केपमध्ये मांड, तिथे देवनागरी सुरेख बसते. अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसत्या बाह्यरेषा) करूनच फाईल दे, नाहीतर कोरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो. आणि पितळ घेणार असशील तर आधी मशिन कोणतं ते विचार. पाट्यावाल्यांकडचं सीओटू लेझर लेप न दिलेलं पितळ कोरत नाही.

रेखांशामुळे साताऱ्याची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३४ मिनिटं मागे असते; तो फरक रेघांत मिसळू नकोस, खाली वेगळा कोर. माध्यान्ह माध्यान्हीच दिसावी, असं मला मनापासून वाटतं. कोरायला टाकण्याआधी पूर्ण मापाची कागदी प्रिंट दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवून तपास.