होडीचं टेबल आहे तरी फॉरेन की का लागत नाही?

प्रश्न: दादा, काकांच्या हर्णै बंदरात तीन होड्या आहेत, लिलावात कुठल्या होडीची मासळी कितीला गेली ते अजून वहीतच लिहितात म्हणून मी झॅम्पवर (आपल्याच कॉम्प्युटरवर डेटाबेस चालवायचं सॉफ्टवेअर) डेटाबेस करतोय. 'होडी' टेबल झालं, त्यात आयडी इंट अनसाइन्ड (उणे नसलेला पूर्णांक), तीच प्रायमरी की म्हणजे प्रत्येक होडीची वेगळी ओळख. 'लिलाव' मध्ये होडी_आयडी इंट ठेवून फॉरेन की (लिलावाची नोंद होडीच्या नोंदीला जोडणारी कडी) लावली की एरर १००५, एररनो १५०. दोन दिवस अडकलोय.
— एक वाचक, दापोली

उत्तर: तू टेबलं लिहून पाठवलीस ते बरं केलंस, कारण १५० नुसतं सांगतो की फॉरेन की नीट बनली नाही, कुठं बिघडलंय ते सांगत नाही. होडीत अनसाइन्ड आहे आणि लिलावात नुसता इंट, तिथेच अडलंय. आपल्याला दोन्ही आकडेच वाटतात पण इनोडीबीला (डेटाबेसमधली टेबलं सांभाळणारं इंजिन) टाइप तंतोतंत सारखा लागतो, इंटला बिगइंट (मोठ्या आकड्यांचा टाइप) जोडलेला पण चालत नाही. होडी_आयडी अनसाइन्ड कर, टेबल होईल. इंटपुढच्या कंसातला १० की ११ हा आकडा मात्र बघत बसू नको, त्याने काही फरक पडत नाही, मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीय.

पुढच्या वेळी एरर आला की लगेच 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' चालव आणि 'लेटेस्ट फॉरेन की एरर' हा भाग वाच, कारण तिथे शेवटचाच एरर राहतो. आयडीऐवजी होडीचा रजिस्ट्रेशन नंबर जोडलास तर त्याला होडी टेबलात इंडेक्स (शोधसूची) हवा, शक्यतो युनिक, आणि दोन्हीकडे कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) नि कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) एकच हवं. होडी टेबल मायआयसॅम (फॉरेन की न मानणारं दुसरं इंजिन) असेल तरी १५०च येतो.

खरी कसोटी वहीतल्या जुन्या नोंदी चढवताना. विकून टाकलेल्या होडीची नोंद आली की एरर १४५२ येईल, म्हणजे जोडायला ती होडीच टेबलात नाही, तेव्हा वैतागून फॉरेन की चेक बंद करू नको रे, ती होडी पण होडी टेबलात घाल, तिने आणलेली मासळी खरीच होती ना! आणि ऑन डिलीट कॅस्केड अजिबात लावू नको, एक होडी डिलीट केलीस की तिचे सगळे लिलाव जातील, काकांचा वर्षानुवर्षांचा हिशोब आहे तो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, काका घरी असतील, तेव्हा त्यांना शेजारी बसवून वही चढव. कुठल्या पानावरची नोंद कुठल्या होडीची ते त्यांनाच ठाऊक.