सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच खर्रर्र आवाज येतो, इंजिन खोलायचं का?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी आठ वर्षं जुनी आहे, एरवी काही तक्रार नाही. पण हल्ली सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा खर्रर्र आवाज येतो, दोन-तीन सेकंद, आणि मग एकदम गप्प. दिवसभरात परत कितीही वेळा स्टार्ट करा, आवाज नाही. एक मेकॅनिक म्हणतो सेल्फ बदला, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. गाडी त्यांच्याकडे नेली की आवाजच येत नाही, म्हणजे दोघांनीही तो ऐकलेला नाही. काय करू?

उत्तर: न ऐकलेल्या आवाजावर पार्ट बदलायचा नाही, हे आधी पक्कं करा. तुम्ही दिलेली माहिती खूप कामाची आहे, रात्रभर उभी राहिल्यावरच येतो आणि दोन-तीन सेकंदात जातो, यातच बरंचसं उत्तर आहे.

सेल्फचं आधी बघू. सेल्फचा आवाज चावी फिरवलेली असते तेवढाच वेळ येतो, फार तर इंजिन चालू झाल्यावर त्याचा दात वेळेवर मागे सरकला नाही तर क्षणभर दातावर दात घासल्यासारखं कर्र होतं. आणि दात झिजलेले असते तर दुपारीही कधी ना कधी आवाज आला असताच ना! तुमचा आवाज फक्त रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला येतो, म्हणून माझा पहिला संशय ऑइलवर आहे.

होतं असं की इंजिन बंद झालं की वरचं ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंप ते परत वर चढवतो, आणि तेवढ्या एक-दोन सेकंदात वरचे भाग ऑइलच्या प्रेशरशिवाय फिरत असतात. बऱ्याच गाड्यांमध्ये टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वेळेवर उघड-बंद करवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर याच प्रेशरवर चालतो, प्रेशर नाही तर चेन सैल, आणि सैल चेन बाजूच्या गाइडवर (चेनला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीवर) आपटली की नेमका तुम्ही सांगताय तसा खर्रर्र आवाज येतो. प्रेशर आलं की चेन ताणली जाते, आवाज गायब. टॅपेटचाही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज याच कारणाने येतो पण तो बारीक टिकटिक असतो, खर्रर्र नाही.

आता क्रमाने करा, स्वस्तातलं आधी. सकाळी गाडी सपाट जागी थंड असतानाच डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग बघा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. कमी असेल तर भरा पण वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त ऑइलही वाईटच, फेस होतो. मग मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड (ते किती पातळ-जाड हवं ते) बघा. गाडीला 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 सांगितलंय आणि कोणी "गाडी जुनी झाली, जाड टाकू" म्हणून 20डब्ल्यू-50 ओतलं असेल तर ते थंडीत वर चढायलाच वेळ लावतं, आणि आवाज त्यामुळेही येऊ शकतो.

त्यानंतर ऑइल फिल्टर. याकडे फार कमी लोक बघतात आणि मला वाटतं निम्मा घोळ इथेच असतो. बऱ्याच फिल्टरच्या आत रबराची एक पातळ चकती असते, तिचं काम इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ न देणं. रबर कडक झालं किंवा फिल्टरच हलक्या दर्जाचा असला की रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर हे जास्त जाणवतं. म्हणून योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून आठवडाभर सकाळचा आवाज ऐका.

तरी येत राहिला तर मात्र टेन्शनर, चेन आणि गाइड तपासायला लावा, टाळू नका. चेन जास्त सैल होऊन एक-दोन दात सरकली तर बऱ्याच इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. काही इंजिनमध्ये कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला व्हीव्हीटीचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारं, युनिट असतं, त्याची लॉकिंग पिन झिजली तरी हुबेहूब असाच आवाज येतो, तेही त्याच वेळी बघून घ्या.

मेकॅनिकला ऐकवायचं कसं? गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे सोडा आणि सकाळी त्यालाच पहिला स्टार्ट करू द्या. जमत नसेल तर बोनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्ड करा, एकदा चेनच्या बाजूने, एकदा सेल्फच्या बाजूने, चावी दुसऱ्याला फिरवायला सांगा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन अजिबात चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

आणि हो, थंड इंजिन सुरुवातीला 1200-1500 आरपीएमवर चालतं, तो मोठा आवाज नॉर्मल आहे, मिनिटभरात उतरतो. त्या वेळात रेस देऊ नका एवढंच. पण ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, किंवा रेसबरोबर वाढणारा जड ठकठक आवाज यायला लागला, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या.

प्रश्न: स्टार्ट केल्यावर चिर्रर्र असा कर्कश आवाज येतो, पावसाळी हवेत जास्त. बेल्टवर स्प्रे मारू का?

उत्तर: नको, स्प्रेने आवाज तात्पुरता दबतो आणि बेल्टवर धूळ चिकटते. स्टार्ट करताना बॅटरी खर्च होते, ती भरून काढायला अल्टरनेटरवर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर) एकदम लोड येतो, आणि बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालेला असेल तर तो नेमका तेव्हाच घसरतो. इंजिन चालू असताना लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे बेल्ट आणि बेल्टचा टेन्शनर बघा. थोडा वेळ थांबून परत आला तर बहुतेक एखादी पुली सरळ रेषेत नाही, मग नुसता नवा बेल्ट टाकून आवाज जाणार नाही.