उत्तर: सोन्याचं द्रावण निळं पडतं, ते दोन कारणांनी

रत्नागिरीहून आलेला प्रश्न वाचला. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) रॅपिड टेस्टची पट्टी करायची आहे, सोन्याचे नॅनोकण कधी लाल तर कधी जांभळे होतात, आणि अँटिबॉडी घातली की निळे पडून तळाशी बसतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं बाटलीतलं. ज्यापासून हे कण करतात ते गोल्ड क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या जुलैत काट्यावर ठेवल्याठेवल्या चिकट होतं. मग वजनात सोनं किती नि पाणी किती, काय कळणार? म्हणून तोलूच नका. १ ग्रॅमची सीलबंद कुपी फोडून सगळी १०० मिलि शुद्ध पाण्यात धुऊन घ्या, १ टक्क्याचा साठा तयार. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. स्टीलचा चमचा लावू नका, सोनं त्याच्यावरच उतरतं.

कुपी मात्र सीलबंदच हातात यायला हवी. आमच्याकडच्या भांडार विभागाने "सोनं आहे, वजनाशिवाय नोंद नाही" म्हणत ऐन पावसात सील फोडलं, स्टीलच्या चमच्याने काढून तोललं, आणि वजन जास्त भरलं म्हणून पुरवठादाराला पत्र धाडलं! माल गेला, दुसरा मिळायला पुढचं आर्थिक वर्ष उजाडलं. वाद घालण्यात अर्थ नाही. मागणीपत्रातच लिहा: 'नग मोजून घ्यावा, सील फोडू नये.'

कण करायची कृती तुम्हाला माहीतच असणार. १०० मिलि पाणी, १ मिलि साठा, खळखळून उकळी, जोरात ढवळत १ टक्क्याचं सोडियम सायट्रेट १ मिलि एकदम. साधारण ४० नॅनोमीटरचे कण मिळतात, पट्टीला तेच बरे. सायट्रेट दुप्पट केलंत तर कण बारीक होतात. शेवटी लाल न होता जांभळंच राहिलं तर काच किंवा पाणी खराब. काच अम्लराजाने धुवा (हायड्रोक्लोरिक ३, नायट्रिक १, फ्यूम हूडमध्येच म्हणजे धूर ओढणाऱ्या कपाटात, बाटलीत बंद करून कधीच नाही). बॅटरीचं पाणी वापरू नका.

दुसरं दुखणं मिठाचं. विकतची अँटिबॉडी बहुधा पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) असते, आणि त्यातल्या मिठाने कण एकमेकांना चिकटतात. आधी डायलिसिस करून, म्हणजे पातळ पडद्यातून मीठ काढून, अँटिबॉडी २ मिलिमोलर बोरेटच्या द्रावणात आणा. पोटॅशियम कार्बोनेटने सोन्याच्या द्रावणाचा पीएच ८.५ ते ९ करा. इलेक्ट्रोड बुडवू नका, तो तुंबतो, पीएचच्या कागदी पट्टीने बघा. मग नळ्यांत हे द्रावण १-१ मिलि घेऊन ० ते २० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, १० मिनिटं थांबून प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी ०.१ मिलि. अँटिबॉडी कमी पडली तिथे मिठाने निळं होईल; जी सगळ्यात कमी अँटिबॉडीची नळी लाल राहील, त्याहून किंचित जास्त प्रमाण धरा. शेवटी १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). डीप फ्रीजरमध्ये ठेवाल तर सगळं वाया. गोठून निळं झालेलं पुन्हा लाल होत नाही.

सिलिकावर सोन्याचा मुलामा दिलेले नॅनोशेल करायचा विचारही लिहिलाय. अमेरिकेत प्रोस्टेटच्या गाठी लेझरने तापवायला ते माणसांवर वापरून पाहिलेत, पण एका प्रोजेक्टमध्ये दोन्ही नको, असं माझं मत. आणि ही पट्टी प्रयोगापुरतीच. तिच्यावर रुग्णाचं निदान करू नका.

अँटिबॉडीच्या बाटलीवर कुठलं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) लिहिलंय आणि टिकवण्यासाठी सोडियम अझाइड घातलंय का, तेवढं कळवा.