एकच इंजिन, तीन मेक

(या वेळी बरीच पत्रं मेकवॉरियर ऑनलाइनबद्दल आहेत, म्हणजे ते शंभर टनापर्यंतचे चालते यंत्रमानव (मेक) आत बसून चालवायचे आणि बारा विरुद्ध बारा भांडायचं. गेम फुकट आहे, पण आतलं चलन, म्हणजे सी-बिल्स, मात्र घाम गाळूनच कमवावे लागतात, आणि प्रश्न सगळे तिथेच अडलेत.)

दादा, माझ्याकडे तीन मेक झालेत, तिन्हींना एक्सएल (वजनाला हलकं पण महाग) इंजिन पाहिजे पण एकाचेच पैसे आहेत. आता महिनाभर ग्राइंडच करत बसू का? – कॉलेजवाला, नाशिक

नको रे बाबा. एकच घे आणि फिरव. या गेममध्ये इंजिन काढायला आणि दुसऱ्यात बसवायला एक पैसा लागत नाही, हे नवीन पोरांना कुणी सांगतच नाही, आणि मग मोठं एक्सएल इंजिन, जे लोकस्टसारख्या अख्ख्या 20 टनी मेकपेक्षा महाग पडतं, ते लोक तीन-तीनदा विकत घेतात. आपल्याकडे एकच शेरवानी सगळ्या भावांच्या लग्नात फिरते ना, तसंच.

फक्त मेक निवडताना डोकं लाव. शॅडो हॉक, ग्रिफिन आणि वुल्व्हरिन हे तिघेही 55 टनी आणि तिघांचंही मूळ इंजिन 275 चं (हा इंजिनाच्या ताकदीचा आकडा), म्हणजे 275 चं एक एक्सएल घेतलंस की आज याच्यात, उद्या त्याच्यात. शिवाय 275 ला आतमध्ये हीट सिंकची (मेक थंड ठेवणारा भाग) एक जागा जास्तीची मिळते, आणि 250 च्या खालच्या इंजिनात दहा सिंक मावतच नाहीत, उरलेले बाहेर लावून जागा खातात. म्हणून स्वस्तात मिळतंय म्हणून 200 चं एक्सएल घेऊन ठेवू नकोस, ते पुढे कशालाच नीट बसत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेव. मॅचमध्ये मेलास आणि बाहेर पडलास तरी ती मॅच संपेपर्यंत तो मेक लॉक असतो, त्यातलं इंजिनही त्याच्यासोबत अडकतं, तेवढा वेळ चहा पी. आणि सेव्ह करताना जे बिल समोर येतं ते वाच! इंजिन दुसऱ्या मेकमधून काढायचं राहिलं असेल तर गेम काही बोलत नाही, गुपचूप नवीन इंजिनाची किंमत त्या बिलात टाकतो, आणि आपण घाईत ओके दाबून मोकळे. आकडा शून्य नसेल तर थांब, कुठेतरी काहीतरी राहिलंय.

हंचबॅक 4जी घेतलाय, त्यात एसी/20 ही मोठी तोफ ठेवून एक्सएल टाकायचंय, पण मेकची जोडणी बदलायची लॅब ते घेतच नाही. बग आहे का? – पुण्याहून एक ताई

बग नाही ताई, साधं गणित आहे. बाजूच्या धडात 12 स्लॉट (सामानाचे खण), इनर स्फिअरचं (गेममध्ये इनर स्फिअर आणि क्लॅन असे दोन पक्ष, दोघांचा माल वेगळा) एक्सएल दोन्ही बाजूंना तीन-तीन खातं, उरले नऊ, आणि एसी/20 ला लागतात दहा. लाइट इंजिन दोनच खातं, त्यामुळे ते बरोब्बर बसतं.

आणि खरं सांगू का, बसलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. इनर स्फिअरच्या एक्सएलमध्ये एक बाजू उडाली की मेक गेला, आणि हंचबॅकच्या उजव्या खांद्यावरचं ते कुबड समोरच्याला अर्ध्या मैदानावरून दिसतं, पहिली गोळी तिथेच येते. स्टँडर्ड इंजिन जड असतं हे मान्य (300 च्या आकड्याला एक्सएल साडेनऊ टन वाचवतं, थोडं थोडकं नाही), पण कुबड गेल्यावरही उरलेल्या लेझरने दोन मिनिटं भांडता येतं. तुमचे पैसे अजून लाइट इंजिनापर्यंत पोचले नसतील तर आहे तेच स्टँडर्ड राहू द्या आणि त्याऐवजी डबल हीट सिंक करून घ्या.

मग अपग्रेड आधी कुठलं घ्यायचं? डबल हीट सिंक, एंडो-स्टील (हलका सांगाडा), फेरो (हलकं चिलखत), सगळंच महाग आहे. – अनेकांचा प्रश्न

डबल हीट सिंक, डोळे झाकून. 15 लाख सी-बिल्स जातात पण इंजिनाच्या आतले सिंकसुद्धा डबल होतात, त्याशिवाय लेझरवाला मेक चालवणं म्हणजे नुसता ताप.

पण इथे इंजिनासारखं नाही बरं का. इंजिन, तोफा, लेझर, हे सगळं काढून घेता येतं, आणि अपग्रेड मात्र त्या मेकला चिकटून राहतं. काढलंत तर पैसे परत नाहीत, वर मागे फिरायचे वेगळे पैसे. म्हणून जो मेक नक्की ठेवणार आहात त्यालाच करा, हौस म्हणून बघायला नाही. दुसरा नंबर एंडोचा, 50 टनी मेकवर अडीच टन वाचतात, बदल्यात 14 स्लॉट जातात. फेरोही तेवढेच स्लॉट खातं आणि वाचवतं कमी, ते सगळ्यात शेवटी, आणि जागा उरली तरच.

क्लॅनचा टिंबर वुल्फ घेऊ का? त्याचं इंजिन माझ्या बाकीच्या मेकना चालेल ना? – ठाणे

नाही चालणार, दोन कारणांनी. क्लॅनचा माल इनर स्फिअरच्या मेकमध्ये बसतच नाही, आणि टिंबर वुल्फ हा ऑम्निमेक, त्याचं 375 चं एक्सएल जागचं हलत नाही. बदलायचे ते ऑम्निपॉड, म्हणजे हात, धड असे भाग, ते सी-बिल्सना सुटे मिळतात आणि दुसऱ्या व्हेरियंटचा हात याला लावता येतो. पहिल्यांदा खिशाला मोठं भोक पडतं हे खरं, पण डबल हीट सिंक त्यात आधीच असतात, तो खर्च वाचतो. एकच मेक धरून बसणार असाल तर घ्या, चार-पाच बाळगायची हौस असेल तर इनर स्फिअर बरं.

जुन्या गाइडमध्ये लिहिलंय की मॉड्यूल (मेक सुधारणारे सुटे भाग) एका मेकमधून दुसऱ्यात टाका. मला मॉड्यूल कुठे दिसतच नाहीत! – कोल्हापूर

दिसणार नाहीत, मे 2017 मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी गुण टाकून मेक सुधारायचं स्किल ट्री आलं. गाइडची तारीख बघत जा.

हंचबॅक 4पी चे नऊ लेझर एकदम मारले की मेक बंद पडतो. आणखी सिंक घेऊ का? आणि मेक ठेवायचे बे भरलेत, एक मेक विकायचाय, तो कसा विकू? – टोरंटोहून एक मराठी माणूस

सिंक घेऊ नका, बटणं बदला. एकाच जातीचे ठरावीक संख्येपेक्षा जास्त लेझर अर्ध्या सेकंदाच्या आत मारले की गेम जास्तीची उष्णता दंड म्हणून लावतो, त्यालाच घोस्ट हीट म्हणतात. दोन गट करा, पाच आणि चार, मध्ये क्षणभर थांबून मारा, खर्च शून्य. सुरुवातीला हात चुकतो, मग सवय होते.

विकायचं म्हणाल तर आधी तो मेक लॅबमध्ये पूर्ण रिकामा करा, इंजिन, हत्यारं, सिंक सगळं, आणि मगच विका. विकताना निम्मीच किंमत मिळते, आणि आत राहिलेलं एक्सएलही त्याच निम्म्या भावात जातं. काढलेला माल इन्व्हेंटरीत पडून राहतो, त्याला बे लागत नाही. आणि जमलं तर विकूच नका, नवीन बे एमसीने (खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन) घ्यावे लागतात पण इव्हेंटमध्ये अधूनमधून फुकट सुटतात, तेवढं लक्ष ठेवा.