स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आई गप्प झाली आहे, तिला मानसिक आधार कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की आईचा एक स्तन काढून दोन महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण ती बोलत नाही, कुणी आलं की आतल्या खोलीत जाते आणि तुम्ही 'पॉझिटिव्ह राहा' म्हणालात की उठून जाते. माझाही डावा स्तन सहा वर्षांपूर्वी काढला. मी डॉक्टर नाही, त्यातून गेलेली बाई म्हणून लिहिते आहे.

आधी ते 'पॉझिटिव्ह राहा' बंद करा. मायेपोटीच म्हणता, कळतं मला. पण ऐकणारीला वाटतं, आपली भीती घरात कुणाला नकोय. मग ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. मी तेच करायचे. त्यापेक्षा भाजी निवडताना शेजारी बसा आणि एकदाच विचारा, "आई, कशाची भीती वाटते गं?" उत्तर नाही आलं तरी उठू नका.

रिपोर्ट चांगला आला म्हणजे सुटलो, असं घरच्यांना वाटतं. बाईचं तसं नसतं. उपचार चालू असतात तोवर तारखा पाळण्यात दिवस जातात. खरं कोसळणं पुष्कळदा त्यानंतर येतं. प्रत्येक तपासणीच्या आधी आठवडाभर झोप उडते. काखेतल्या गाठी काढताना तिथली संवेदनेची नस दुखावते, त्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर होते, हात दुसऱ्याच कुणाचा वाटतो. काहींना काढलेल्या जागीच खाज सुटल्यासारखी वाटते. मला वाटलं होतं, डोकं फिरलं आपलं. हे होतं, अनेकींना होतं, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर!

आणि यातलं बरंच काही ती मुलाला सांगणार नाही. ब्लाउज कसा बसतो, पदर कुठून घ्यायचा, नवऱ्यासमोर कपडे बदलायचे कसे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे तिच्यासारखीच दुसरी बाई लागते.

माझ्याकडे अशी एक बाई आली होती. नऊ वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालेलं. तिने उपदेश केला नाही. बोलता बोलता केस सोडले आणि ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर नेऊन पुन्हा अंबाडा घातला. मी त्या हाताकडेच बघत राहिले. मग कापसाची ब्रा घरी कशी शिवायची, जखम भरल्यावर ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन कधी घ्यायचा, तो किती जड असतो, सगळं मी तिला विचारलं.

ही कल्पना जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेत टेरेस लॅसर या बाईंनी स्वतःच्या ऑपरेशननंतर इतर रुग्ण बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसायला सुरुवात केली. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हे बऱ्या झालेल्या बायकांनी नव्या रुग्णांना आधार देण्याचं काम उभं राहिलं. तुम्ही आईच्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या ठिकाणी त्यांचा वेगळा विभागच असतो. 'आईशी बोलेल अशी बरी झालेली कुणी आहे का?' असं सरळ विचारा. मात्र आईची परवानगी घेऊनच भेट ठरवा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण-झोप गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 'मी नसते तर बरं' असं बोलली तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटं सोडू नका. सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि एक महत्त्वाचं. आई टॅमॉक्सिफेन (स्तनाचा कर्करोग परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) घेत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला आवर्जून सांगा. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात; डॉक्टर दुसरं औषध निवडतात.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दिला असेलच. तो तिच्याबरोबर तुम्हीही करा. माझे सासरे रोज, माझी बोटं जिथवर पोचत तिथे पेन्सिलने रेघ ओढून बाजूला तारीख लिहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांना म्हणाले, "आज रेघ वर गेली, बघितलंत का?" घरात आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य होतं.