डोळे किरणांना द्यायच्या आधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. उत्परिवर्तनातून, म्हणजे किरणांनी जनुकांत बदल घडवून, फळांचे वाण सुधारण्याच्या कामात उतरायचं ठरवलंस, फार आनंद झाला. पत्रात गॅमा किरणांच्या मात्रेबद्दल बरंच विचारलं आहेस, नंतर हवं ते झाड निवडण्याबद्दल काहीच नाही. मला मात्र त्याचीच काळजी वाटते.

मात्रेचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक वाणाची सहनशक्ती वेगळी, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा उचलू नकोस. थोड्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या अंकुरांना, चढत्या मात्रा देऊन बघ. वाढ साधारण निम्म्यावर येते ती मात्रा सापडली की तिच्या आसपास, शक्यतो जरा खालीच राहा.

खरी कसोटी नंतर लागते. डोळ्यात पेशींचे थर असतात आणि बदल होतो तो त्यातल्या एखाद्याच पेशीत. त्यामुळे पहिल्या फुटीत बदललेल्या आणि मूळच्या पेशींची सरमिसळ असते, म्हणजेच कायमेरा. आज वेगळी दिसणारी फांदी उद्या मूळ रूपावर जाऊ शकते. म्हणून त्या फुटीवरचे डोळे काढून पुन्हा खुंटावर, म्हणजे कलमासाठी वाढवलेल्या रोपावर, भरायचे, त्यांच्या फुटीवरचे परत भरायचे. असे तीन-चार फेरे होईपर्यंत नवा वाण मिळाला म्हणून कुणाला सांगू नकोस. प्रत्येक फेरीत मूळ वाणाची किरण न दिलेली झाडं शेजारी हवीतच, नाहीतर हवामानाने पडलेला फरकही उत्परिवर्तन वाटू लागतो.

जपानमधलं निजिस्सेकी नाशपातीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. काळ्या ठिपक्यांच्या रोगाने हा वाण बेजार व्हायचा. मधोमध गॅमा किरणांचा स्रोत असलेल्या शेतात 1962 मध्ये लावलेल्या झाडांपैकी एकाची एक फांदी 1981 मध्ये निरोगी आढळली, आणि तिच्यातून गोल्ड निजिस्सेकी आला. फळ जवळपास तेच, रोग मात्र खूप कमी. संकर केला असता तर चवीपासून रंगापर्यंत सगळंच नव्याने पिसलं गेलं असतं! पुढे तिथल्या संशोधकांनी पानाच्या चकत्यांवर रोगाच्या बुरशीचं विष लावून बघायची पद्धत बसवली. चकती काळी पडली तर झाड बाद, हिरवी राहिली तर पुढे. फळ धरेपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

कोणतं लक्षण बदलायचं ते निवडताना हेच बघ, ते लवकर ओळखता येतं का. बुटकेपणा लवकर कळतो. पपईचा पुसा नन्हा हा बुटका वाण गॅमा किरणांतूनच मिळाला. कमी बियांसाठी मात्र फळं लागेपर्यंत थांबावंच लागतं. टँगो या मँडरिन संत्र्यात ते साधलं, पण तिथे एक फळ कापलं की उत्तर समोर असतं. उत्पादन वाढवायच्या मागे सुरुवातीला लागू नकोस. त्यात अनेक जनुकांचा हात असतो आणि एकेका झाडावरून काहीच ठरवता येत नाही.

तुझ्या वाणातला कोणता एक दोष घालवायचा आहे ते कळव. रोपावस्थेत तो ओळखता येत नसेल तर आधी त्याची चाचणी बसवू, डोळे किरणांना त्यानंतर देऊ.

कळावे.